एकटीची एकच फेरी

हॉस्पिटलच्या पुरीमच्या पार्टीत मला टोस्टर हवा होता. बेर्शेबाच्या त्या हॉस्पिटलात मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होते. दर पुरीमला, ज्यूंच्या वेशभूषेच्या सणाला, सगळ्या खात्यांची मिळून पार्टी व्हायची आणि शेवटी चिठ्ठ्या काढून बक्षिसं वाटायचे. त्या वर्षी टेबलावर मधोमध टोस्टर मांडलेला होता आणि माझा सगळा जीव त्याच्यात अडकला होता. माझ्या चिठ्ठीला मात्र एक पाकीट लागलं. आत कागद होता: हा कागद आणणाऱ्याला शिक्षकासोबत एकदा विमान चालवून पाहता येईल. टोस्टर डोळ्यांच्या डॉक्टरांना लागला. त्यांच्या घरी आधीच दोन होते. मी अदलाबदल करू या म्हटलं. त्यांनी कागद उलटसुलट वाचला, "मला स्टुलावर चढायची भीती वाटते," म्हणाले, आणि टोस्टर काखेत मारून निघून गेले.

मी चौतीस वर्षांची होते. लग्न झालं नव्हतं, आईबाबांकडेच राहत होते आणि कागद वाया जाऊ नये एवढ्याच हेतूनं एका शुक्रवारी त्या छोट्या विमानतळावर गेले. विमानतळ म्हणजे नेगेव वाळवंटाच्या मातीत एक डांबरी पट्टी, चार विमानं, एक पत्र्याची शेड आणि रेडिओसाठी एक जुना कारावान, म्हणजे चाकांवरची खोली. शिक्षकानं मला डाव्या बाजूला बसवलं, वर नेलं आणि म्हणाला, "आता तू धर." मी धरलं. पाच मिनिटांनी त्यानं विचारलं, "परत जायचं?" मी म्हटलं, "इतक्यात नको." असं ते सुरू झालं.

घरी सांगितलं ते पाचव्या धड्यानंतर. आई म्हणाली, "जेवून जात जा. रिकाम्या पोटी नको." बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रूल-बुक आहे का त्यांचं?"

"आहे."

"घेऊन ये."

बाबा मुंबईला असताना रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. कोणता लिव्हर कधी ओढायचा, कोणता कधी ओढायचा नाही, पुढच्या केबिनकडून घंटी आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, यात त्यांची ऐन उमेद गेली. मी आठ वर्षांची असताना मुंबईच्या बऱ्याच ज्यूंसारखे आम्हीही इथं आलो, तेव्हा त्यांना एका कारखान्यात बॉयलरवर लावलं. तिथंही घड्याळं, काटे, लाल रेघा होत्या, त्यामुळे त्यांचं बरं चाललं. मग ते रिटायर झाले आणि एकाएकी त्यांच्याजवळ पाळायला नियमच उरले नाहीत. दोन वर्षं ते बाल्कनीत बसून खालच्या चौकात कोण सिग्नल तोडतं ते बघत होते.

माझं पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. पुस्तक अर्धं हिब्रू, अर्धं इंग्रजी. बाबांचं हिब्रू प्रार्थनेच्या पुस्तकापुरतं आणि भाजीवाल्यापुरतं. म्हणून मी वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी वहीत उतरवून घ्यायचं, असं ठरलं. नंतर दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर परीक्षा. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून तोंडी.

"सोलो म्हणजे काय?"

"शिक्षक विमानात नसताना शिकाऊ माणसानं एकट्यानं उडणं."

"शिक्षक कुठं?"

"खाली."

"नुसता खाली नाय गो. बघत खाली! लायसन नाय तुझ्याकडे. त्याची सही आहे म्हणून तू वर. सही कशाची? त्याच दिवसाची, त्याच विमानाची, जेवढं सांगितलं तेवढ्याची. पुढं?"

"सोलोत प्रवासी न्यायचा नाही."

"प्रवासी म्हणजे कोण?"

"कोणीही माणूस."

"आणि मांजर?"

पुस्तकात मांजराचा उल्लेख नव्हता. बाबांनी मला शिक्षकाला विचारून यायला लावलं. शिक्षक म्हणाला की मांजर प्रवासी नाही, सुटं सामान आहे आणि सुटं सामान बांधून ठेवावं लागतं. बाबांनी रविवारी ते वहीत टिपून ठेवलं.

चुकलं की ते म्हणायचे, "गाढव!" रागानं नाही. आमच्या घरी तो शब्द मिठासारखा वापरला जाई. गणितात चुकले तरी गाढव, चहात साखर विसरले तरी गाढव. मी चौतीस वर्षांची, शंभर माणसांच्या रक्ताचे रिपोर्ट सही करून देणारी बाई, पण विमान वर चढत असताना इंजिन बंद पडलं तर मागं वळायचं की नाही, यात अडखळले आणि गाढव झाले.

"मागं वळायचं नाय! कमी उंचीवर वळलीस की स्पीड जातो, विमान पडतं. समोर जे असेल त्यातच उतरायचं. समोर काय आहे तुझ्या?"

"टर्की पाळायच्या शेडी."

"मग त्यांच्या बाजूला."

सगळ्यांत त्यांना आवडलेला नियम म्हणजे घोटाळा झाला तर कामं कोणत्या क्रमानं करायची त्याचा. आधी विमान सांभाळा, मग कुठं जायचं ते बघा, बोलणं सगळ्यांत शेवटी. हे ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा रूल घरात पण लावा."

पुढं बाबांना शिक्षकाला बघायचंच होतं. मी त्याला जेवायला बोलावलं. तो रशियातून आलेला, पन्नाशीचा, उंच, वाकलेला माणूस होता. तिकडे त्यानं शेतांवर औषध मारायची विमानं चालवली होती. त्याचं हिब्रू आईच्या हिब्रूएवढंच होतं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. आईनं नारळाच्या रसातली कोंबडी केली होती. तो दोनदा भात घेऊन घाम पुसत होता.

"मुलगी कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"चांगली. खाली येताना जोरात येते. पाच नॉट जास्त. नेहमी."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो शब्द न बोलताच ऐकू आला.

आई मध्येच म्हणाली की तिनं एलियाहू हनाबी या प्रेषिताला नवस बोललाय, मुलगी एकटी उडून सुखरूप आली की मलिदा करीन. मलिदा म्हणजे काय ते मी शिक्षकाला सांगितलं: गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, आणि आमच्या लोकांत शुभकार्याला ते एलियाहूच्या नावानं करतात. शिक्षक विचारात पडला.

"एलियाहू म्हणजे तोच? अग्नीच्या रथातून वर गेला तो?"

"तोच."

"पण तो परत आला नाही."

बाबांनी डोकं हलवलं, त्यांना मुद्दा पटला होता. आईनं शिक्षकाच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "तो देवाच्या ऑर्डरनं गेला. हिला परत यायची ऑर्डर आहे."

सोलोचा दिवस आधी सांगत नाहीत. पण त्या शुक्रवारी शिक्षक फोनवर म्हणाला, "डॉक्टरचा कागद आण," तो सोलोच्या आधीच लागतो, म्हणून बाबांना तेवढं पुरलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन माझ्याबरोबर निघाले. आईनं डबा दिला. विमानतळावर पोचल्यावर बाबांनी आधी जागा नक्की केली: कारावानच्या सावलीत, दाराजवळ, पट्टीपासून लांब. रेडिओवर बसणारा माणूस, लष्करातून निवृत्त झालेला एक जाडजूड गृहस्थ, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत असे. त्यानं बाबांना आत येऊन बसा म्हटलं. बाबा म्हणाले, "लायसन नसलेल्या माणसानं रेडिओजवळ यायचं नाय. तुमच्याच पुस्तकात आहे." गृहस्थानं पुस्तक बघितलेलं नसावं, पण त्यानं खुर्ची बाहेर आणून दिली.

हवा छान होती. वारा पट्टीच्या रेषेत होता. शिक्षकासोबत मी तीन फेऱ्या मारल्या. फेरी म्हणजे वर जायचं, डावीकडे वळून पट्टीला समांतर उलटं यायचं, दोनदा वळून परत उतरायचं. तिसऱ्यांदा उतरल्यावर तो म्हणाला, "इथं थांब." दार उघडून उतरला. त्याच्या रिकाम्या सीटचा पट्टा त्यानं नीट बांधून ठेवला, कारण सुटा पट्टा विमान चालवायच्या दांड्यात अडकतो. मग इंजिनच्या आवाजावरून ओरडला, "एक फेरी. एकच. विमान हलकं होईल, लवकर उठेल. घाबरू नको. चुकीचं वाटलं तर उतरू नको, परत वर जा." आणि माझ्या लॉगबुकात सही करून कारावानकडे चालू लागला.

विमान खरंच उडीच मारून उठलं. शिक्षक बराच जड होता, हे मला तेव्हा कळलं. शेजारची सीट रिकामी, पट्टा बांधलेला, जणू कोणी अदृश्य माणूस तिथं बसला होता. मी मोठ्यानं वेग वाचत होते, उंची वाचत होते. ऐकायला कोणी नव्हतं तरी वाचत होते. समांतर आल्यावर मी रेडिओवर सांगितलं, कुठं आहे ते. गृहस्थाच्या तोंडात बी होती, तरी तो म्हणाला, "ऐकलं. चालू ठेव."

त्यानंतर खाली जे घडलं ते मला नंतर कळलं. मी पट्टीकडे पाठ करून पुढं जात असताना टर्कीच्या शेडींच्या बाजूनं एक गाढव आलं आणि पट्टीच्या मधोमध उभं राहिलं. करडं गाढव, करडं डांबर. शिक्षक आणि गृहस्थ दोघं जीपमध्ये बसून त्याला हाकलायला धावले. त्यांना वाटलं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गाढव जीपपुढं थोडं पळालं, थांबलं, वळलं आणि परत आपल्या जागी येऊन उभं राहिलं. शिक्षक रशियनमध्ये ओरडत होता, गृहस्थ हिब्रूत. दोन्ही भाषा त्याच्या कामाच्या नव्हत्या.

कारावानमध्ये कोणी नव्हतं. दारात बाबा.

मी शेवटचं वळण घेतलं, पट्टी समोर आली, मी रेडिओवर म्हटलं, "उतरायला येतेय." उत्तर नाही. पट्टीच्या कडेला जीप दिसली, पण जीप तिथं नेहमीच असे. मध्ये काहीतरी डागासारखं होतं, उन्हात डांबर असंच हलताना दिसतं. मी येत राहिले. पाच नॉट जास्त.

बाबा नंतर सांगत की ते तीन सेकंद उंबऱ्यावर उभे होते. नियम त्यांना पाठ होता. मग त्यांनी आत पाऊल टाकलं, माईक उचलला आणि बटण दाबलं.

माझ्या कानात बाबांचा आवाज आला.

"गाढव!"

मी दचकले. मी काय चुकले? पंखांचे फ्लॅप बघितले. वेग बघितला.

"अगो गाढव! उतरू नको! वर जा! वर जा!"

चौतीस वर्षं त्या आवाजाचं ऐकलेलं होतं. विचार न करता हातानं इंजिनचा थ्रॉटल पुढं ढकलला, नाक उचललं. पट्टीवरून जाताना खाली नजर गेली, तेव्हा दिसलं: दोन माणसं, एक जीप आणि मान वर करून माझ्याकडे बघणारं गाढव.

आधी विमान सांभाळलं. मग कुठं जायचं ते बघितलं. मग बोलले, आणि बोलले ते मराठीतच, दुसरं काही सुचलंच नाही.

"बाबा, गाढव कोण?"

"खरं गाढव! चार पायांचं! लाइन ब्लॉक आहे. तू वरच फिरत राहा."

"शिक्षक कुठं आहेत?"

"गाढवाच्या मागं. पेट्रोल किती हाय?"

"दोन तासांचं."

"फस्क्लास. गाढव दोन तास उभं राहत नाय."

तेवढ्यात तिसराच आवाज आला. जवळच्या शेतांवर औषध मारणाऱ्या विमानाचा वैमानिक हिब्रूत विचारत होता, "ही कोणती भाषा आहे? कोण बोलतंय?" बाबांनी त्याला भाजीवाल्याच्या हिब्रूत उत्तर दिलं, "रेगा, रेगा, मुलगी वर आहे!" रेगा म्हणजे जरा थांबा. तो थांबला. पुढचा अर्धा तास तो लांब गोल चकरा मारत थांबून होता आणि एक अक्षर बोलला नाही. त्याचे मी नंतर आभार मानले, तर म्हणाला, "मला वाटलं कोणी मोठे साहेब आले आहेत."

मी फेऱ्या मारत राहिले. प्रत्येक वेळी पट्टीसमोर आले की बाबा सांगायचे, "ब्लॉक." मी म्हणायचे, "ऐकलं," आणि वरून जायचे. खाली चित्र बदलत होतं. एकदा जीप गाढवाच्या मागं होती, एकदा गाढव जीपच्या मागं. एकदा शिक्षक हात पसरून उभा होता, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. मध्येच बाबांनी विचारलं, "भूक लागली काय?" मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत नव्हती. तिसऱ्या फेरीनंतर मी मोठ्यानं आकडे वाचणं सोडून दिलं होतं आणि बाहेर बघत होते. गव्हाचं शेत होतं, त्यात एकच झाड होतं, त्याच्याभोवती ट्रॅक्टरनं नीट गोल सोडला होता. ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण सगळेजण मला धीर देण्यात गुंतले होते.

शेवटी एक पांढरा पिकअप आला. त्यातून एक म्हातारे बेदुईन अरब उतरले. त्यांनी पट्टीच्या कडेला उभं राहून जिभेनं एक आवाज काढला. गाढव चालत त्यांच्याकडे गेलं. म्हाताऱ्यांनी गाढवाला दोरी लावून ती पिकअपला बांधली, शिक्षकाकडे बघून मान डोलावली आणि ते गाढव घेऊन सावकाश निघून गेले.

"लाइन क्लियर," बाबा म्हणाले. "आणि हळू ये. तो बोलला होता, तू जोरात येतेस."

मी हळू आले. एक उसळी बसली, मग चाकं टेकली.

पहिल्या सोलोनंतर शिकाऊ माणसावर बादलीभर पाणी ओततात, तशी तिथली पद्धत. शेडमधले दोघं बादल्या घेऊन धावत आले आणि बाबा आडवे आले. त्यांना वाटलं इंजिन पेटलं. "पेट्रोलच्या आगीवर पाणी नाय मारायचं!" ते ओरडत होते. तो गोंधळ मिटेपर्यंत निम्मं पाणी बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं होतं. मग शिक्षकानं लॉगबुक मागितलं. त्यानं सही केली होती ती एका फेरीची. मी मारल्या होत्या सात. तो बराच वेळ पेन धरून उभा राहिला. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "सहा जादा, गाढवामुळे."

आईनं रविवारी मलिदा केला. आम्हाला वाटलं झालं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. विमानांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत मला, बाबांना, शिक्षकाला आणि रेडिओच्या गृहस्थाला बोलावलं होतं. रेडिओवर फक्त हिब्रू आणि इंग्रजी चालतं. त्या दिवशी लष्कराच्या कुठल्याशा केंद्रात आमचं बोलणं ऐकू गेलं होतं, तिथं सात भाषा जाणणारी माणसं होती आणि एकालाही ही भाषा ओळखता आली नव्हती. म्हणून टेप कचेरीत आली. कचेरीनं बराच शोध घेतला, कोणीतरी सांगितलं की बेर्शेबातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये विचारा. आणि भाषांतराला आले आमचे खजान.

खजान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारे. हे खजान आणि बाबा तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं की खजान प्रार्थना फार वरच्या पट्टीत सुरू करत आणि शेवटी सगळ्यांचे आवाज चिरकत, असं बाबांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा वीस मिनिटं चालून दुसऱ्या सिनेगॉगमध्ये जात. आता ते खजान कोट घालून, मांडीवर फाइल घेऊन आमच्यासमोर बसले होते.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी, त्या अध्यक्ष, भाषांतर वाचायला घेतलं. चेहऱ्यावरची एकही रेघ न हलवता, बातम्या वाचाव्यात तसं.

"पहिला आवाज, पुरुष: गाढव. तोच: अगो गाढव, उतरू नको, वर जा, वर जा. दुसरा आवाज, स्त्री: वडील, गाढव कोण?" त्या थांबल्या. "इथं भाषांतरकारांनी टीप दिली आहे. मराठीत गाढव हा शब्द नपुंसकलिंगी आहे. त्यामुळे बोलणारा जनावराविषयी बोलतो आहे की मुलीविषयी, हे व्याकरणावरून ठरत नाही."

खजानांनी मान हलवून दुजोरा दिला.

"धोक्याची सूचना असेल तर कोणीही, कोणत्याही भाषेत देऊ शकतो," बाई म्हणाल्या. "पण फ्रीक्वेन्सीवर वैमानिकाला शिवी दिली असेल तर तो वेगळा गुन्हा. तर आम्हाला हे ठरवायचं आहे की ही गाढवं कोणती?"

डावीकडचे अधिकारी म्हणाले, "पहिलं स्पष्ट आहे. पट्टीवर गाढव होतं. दुसऱ्याच्या आधी हे काय आहे, अगो?"

"ते संबोधन आहे," खजान म्हणाले. "बाईमाणसाला हाक मारताना लावतात."

"म्हणजे दुसरं गाढव मुलगी."

"तसंच असेल असं नाही." खजानांनी घसा साफ केला. बाबांकडे त्यांनी बघितलं नाही. "'अगो' नंतर स्वल्पविराम असू शकतो. अगो, गाढव. म्हणजे, मुली, तिकडे गाढव आहे."

टेप लावली. बाबांचा आवाज त्या खोलीत भरला. परत लावली. तिघं अधिकारी, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, डोळे मिटून स्वल्पविराम ऐकत होते.

"मला थोडी जागा ऐकू आली," उजवीकडचे म्हणाले.

"ती टेपची खरखर आहे," डावीकडचे म्हणाले.

बाईंनी बाबांना विचारलं, "तुम्हीच सांगा." मी ते हिब्रूतून मराठीत केलं आणि शेवटी मी आपणहून जोडलं, "बाबा, हो म्हणा. स्वल्पविराम होता म्हणा."

बाबा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "सांग त्यांना," ते म्हणाले. "पहिलं गाढव ते गाढव. दुसरी ही. मध्ये काय नव्हतं."

मी सांगितलं. काय करणार.

"मुलीला शिवी का दिली?"

"जोरात येत होती. पाच नॉट जास्त. पंचवीस वेळा सांगून झालं होतं."

बाईंनी शिक्षकाकडे बघितलं. शिक्षक इतका वेळ हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. तो म्हणाला, "बरोबर. पाच. कधी सहा."

तिघांनी डोकी एकत्र केली. मग बाईंनी लिहून घेतलं: दुसरं गाढव शिकवण्याच्या ओघात उच्चारलेलं होतं, ते सुरक्षिततेच्या सूचनेत धरावं.

निकाल डाकेनं आला. रेडिओ सोडून गेल्याबद्दल गृहस्थाला महिनाभर रेडिओवरून काढलं. विमानतळाला सहा महिन्यांत कुंपण घालायला सांगितलं. मला काही दोष नव्हता. बाबांना दोन ओळींची लेखी ताकीद होती: परवाना नसताना रेडिओ वापरू नये, आणि तशीच वेळ आली तर सोपी हिब्रू वापरावी. ताकीद त्यांना एकदम मान्य होती. "बरोबर लिहिलंय त्यांनी," ते म्हणाले. "माझी चूक होतीच." मी म्हटलं, "मग परत तसं झालं तर?" ते म्हणाले, "तर परत चूक करीन. पण हिब्रूत." आणि त्यांनी मला गाढवाला हिब्रूत काय म्हणतात ते विचारून घेतलं.

पण मला अजून आठवतो तो कचेरीतून परतीचा बसचा प्रवास. खजान आमच्याच बसला होते. बाबा पुढच्या सीटवर, खजान त्यांच्या शेजारी, कारण दुसरी जागाच नव्हती. मी मागं. वाटेतलं किर्यात गात हे गाव येईपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत होते. मग बाबा समोर बघूनच म्हणाले, "चार पायांचं, याचं तुम्ही काय केलंत?"

"चतुष्पाद."

"मी चतुष्पाद नाय बोललो. चार पायांचं बोललो."

"सरकारी कागद आहे. तिथं असंच लिहितात."

"आणि स्वल्पविराम कशाला घातलात? मी मागितला होता?"

खजानांनी फाइल मांडीवर सरळ केली. "मुलगी बाजूला बसलेली होती," ते म्हणाले.

बेर्शेबा येईपर्यंत ते भाषांतराच्या प्रत्येक ओळीवर भांडत होते. उतरतानाही भांडत होते. पुढच्या शब्बाथला बाबा कोट चढवून आमच्या जुन्या सिनेगॉगकडे निघाले. खजानांनी प्रार्थना नेहमीसारखीच वरच्या पट्टीत सुरू केली, बाबांनी खालच्या पट्टीत धरली आणि बाकीचे लोक बिचारे मधल्या मध्ये सापडले.

मला लायसन मिळायला आणखी दीड वर्ष लागलं. लेखी परीक्षेत मी एकदा नापास झाले, हवामानात. वेग मात्र सुधारला. लायसन हातात आल्यावर मी बाबांना म्हटलं, चला, आता प्रवासी चालतो. ते नाही म्हणाले. सरळ सांगितलं, "मला वर भीती वाटते. खाली ठीक आहे."

म्हणून माझी पहिली प्रवासी आई झाली. तिनं एकही नियम कधी विचारला नव्हता. शिडीवरून चढली, पट्टा बांधून घेतला, पर्स मांडीवर ठेवली. मी तिला दक्षिणेला मित्स्पे रामोनपर्यंत नेलं. तिथल्या प्रचंड विवरावरून जाताना मी म्हटलं, बघ, केवढं आहे. आईनं वाकून बघितलं. "हो. रिकामंच आहे," म्हणाली. मग परत येताना बेर्शेबाच्या कडेला आमची वस्ती आली. चौकोनी इमारती, पाण्याच्या टाक्या, गच्च्या. मी विमान जरा कलतं केलं आणि तिला आमची इमारत दाखवली. गच्चीवर दोरीला चादरी होत्या, एवढ्या वरून नखाएवढ्या. आईनं काचेला नाक लावलं. पहिल्यांदाच तिला काहीतरी खरंच दिसत होतं. बराच वेळ तशीच बघत राहिली.

"वाळल्या गो चादरी," ती म्हणाली. "चल, उतर आता."